पॅरिसची गाठ

जानरावांचा अंगठा फितीवरून फिरता फिरता मध्येच थांबला. झाले ते एवढेच. वैशाखातली दुपार, दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर नुकतेच पाणी मारलेले, आणि लांबलचक टेबलावर ओळीने मांडलेल्या दुधी रंगाच्या पेट्या. जानराव धनजहून मोगऱ्याच्या पाट्या घेऊन बैलबंडीने कारंज्याला आले होते. पाट्या उतरवून झाल्या, शेल्याने घाम पुसून झाला, आणि पोराने काय केले आहे ते तरी पाहावे म्हणून त्यांनी सगळ्यांत जवळची पेटी उचलली. पुठ्ठ्याची धार बोटाने तपासली. झाकणावरची सोनेरी वेल डोळे बारीक करून पाहिली. मग अंगठा रेशमी फितीवरून सरकत गाठीपाशी आला आणि थांबला. दुसऱ्या कोणी पाहिले असते तर म्हटले असते, दमला असेल बिचारा म्हातारा. पण पाहिले ते त्या पोराने, शालिग्रामने, आणि एवढ्या उन्हाळ्यात त्याचे तळपाय गार पडले. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते काही खोटे नाही. त्याने घाईघाईने खळीचे भांडे उचलले, पुन्हा तिथेच ठेवले, आणि उगीच हिरीबाईला विचारले, "खळ पातळ झाली का वो?" हिरीबाई पुठ्ठ्यावर कागद चिकटवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सकायीच तं तुमी म्हनले चांगली हाय म्हनून."

त्या पेटीसाठी शालिग्रामने दोन महिने जिवाचे रान केले होते. गुलाबराव हे कारंज्यातले मोठे बागायतदार. नाव गुलाबराव आणि धंदा फुलांचा, म्हणून गावात आधीच हशा होता. पण माणूस हौशी. कलकत्त्याला कोणाच्या लग्नाला गेले आणि तिथे साहेबांच्या दुकानात पेटीतून फुले विकताना पाहून आले, ते अस्वस्थच होऊन आले. आपल्याकडे फूल देतात कसे, तर पळसाच्या पानात. पुडा सोडला की पान उकिरड्यावर. पेटी दिली तर माणूस फुले सुकल्यावरही ती जपून ठेवील, तीत पत्रे ठेवील, दागिना ठेवील, आणि उघडताना दर वेळी झाकणावरचे 'पुष्पभेट' हे नाव वाचील. एवढ्यासाठी त्यांनी अमरावतीच्या एका शिळाछापखान्यातून शालिग्रामला उचलून आणले. तिथे तो चार वर्षे बिडीच्या बंडलांवरची आणि तुपाच्या डब्यांवरची चित्रे काढत होता. वाघ, मोर, दिवा, पुन्हा वाघ. इथे पहिल्यांदाच त्याला कोणी विचारले की तुला काय वाटते. त्याने मनापासून काम केले हे त्याच्या दुष्मनालाही नाकारता येणार नाही. दुधी कागद त्यानेच निवडला. झाकण उचलताना किंचित अडावे आणि मग हलकेच सुटावे, म्हणून कडा तीनतीनदा कापल्या. आत केळीच्या खोडाचे ओले सोपट, त्यावर पातळ मेणकागद, त्यावर फुले. मोगऱ्याच्या कळ्या वाटेत उमलतील आणि पेटी उघडणाऱ्याच्या तोंडावर वास येईल, याचा त्याने तासांचा हिशेब बसवला होता. हे सोपटाचे त्याला कसे सुचले, असे गुलाबरावांनी कौतुकाने विचारले तेव्हा तो नुसता हसला. धनजच्या आपल्या घरच्या मळ्यात आई फुले सोपटातच ठेवायची, हे सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. त्याने सांगितले नाही.

अडले ते फितीपाशी. अमरावतीला पाठवलेल्या पहिल्या बारा पेट्या आगगाडीच्या धक्क्यांनी वाटेतच उघडल्या आणि मोगरा गार्डाच्या डब्यात सांडला. रेशीम निसरडे, साधी गाठ धरीना. डबल गाठ मारली तर पोटली बांधल्यासारखी दिसे. गुलाबराव चिडले, पेटी आपटून म्हणाले, "एवढं सोनं लावलं नि गाठ येत नाही!" शालिग्रामने फीत हातात घेतली. डोके रिकामे होते. बोटे मात्र रिकामी नव्हती. फीत दोनदा वरून गेली, शेपूट स्वतःच्याच पोटाखालून मागे आले, अंगठ्याने दाबले, आणि पेटीच्या मधोमध एक चपटी, देखणी, गुळगुळीत गाठ बसली. गुलाबरावांनी ती ओढून पाहिली, नखाने उचकून पाहिली. सुटेना. "कुठं शिकला रे?" आणि शालिग्रामच्या तोंडून निघाले, "पॅरिसची आहे. छापखान्यात एका कॅटलॉगात पाहिली होती." छापखान्यात असले एक जुने कॅटलॉग होते हे खरे. त्यात टोप्या होत्या. गाठ सुटत नाही हे वैगुण्यच. पण त्याने त्याचाही थाट केला. पितळी मुठीची इवलीशी कात्री करवून घेतली आणि प्रत्येक पेटीला रेशमी दोऱ्याने लटकवली. गुलाबराव इतके खूष झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पॅरिसची गाठ दाखवू लागले. आता अकोल्याच्या एका वकिलांच्या मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याला देण्यासाठी दोनशे पेट्या मागवल्या होत्या, आणि त्यांतली एक थोरली, खास नवरीसाठी. गुलाबाच्या साठ पेट्या सकाळीच बांधून झाल्या होत्या. मोगऱ्याच्या राहिल्या होत्या. पाचची गाडी गाठायची होती.

आपल्याला ठाऊक होते का? हा प्रश्न शालिग्रामने गेल्या महिनाभरात स्वतःला बरेचदा विचारला होता आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला होता. गाठ म्हणजे गाठ. सुतळीला मारली तर सुतळीची, रेशमाला मारली तर रेशमाची. बापाच्या अंगठ्याकडे पाहताना मात्र त्याला हा प्रश्न अर्ध्यावर सोडता येईना. हो, ठाऊक होते. ती तिरडीची गाठ होती. धनजमध्ये कोणी गेले की फुले त्यांच्या घरून जात, आणि तिरडीच्या बांबूला हार बांधायची गाठ त्यांच्या घरची वेगळी होती. वाटेत हार सुटून पडता कामा नये, आणि पुढे ती गाठ कोणी सोडायचीही नसते, म्हणून ती तशी. लग्नाच्या हारांची दुसरी. ती पोरासोरांच्या हाती देत नसत. चुकली तर नवरानवरीला बाधेल. तिरडीचे हार मात्र पोरांनी बांधले तरी चालत, कारण, आई म्हणायची, मेलेला काही गाऱ्हाणं घेऊन येत नाही. बारा वर्षांचा झाल्यावर दुसरी गाठ शिकवायची रीत होती. अकराव्या वर्षी शालिग्राम मास्तरांच्या ओळखीने कारंज्याच्या शाळेत आला. चित्रकलेत पहिला आला. सुटीत घरी गेला की हाताला माती लागू देत नसे, आणि आई, सोजरबाई, कौतुकाने म्हणायची, लेखणीचे हात आहेत, राहू द्या. तर त्याला येणारी गाठ ही एवढीच. पण इतकेच असते तर त्याने स्वतःला माफ केले असते. ती गाठ त्याला आवडत होती, आणि का आवडत होती ते त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते.

तो आठ वर्षांचा होता तेव्हा रंगू गेली. त्याच्याहून धाकटी, पाच वर्षांची, दोन दिवसांच्या तापात. एवढ्याशा मुलीला तिरडी कसली. पण आईने हट्ट धरला की फुलांत नेऊ द्या, आपल्या घरी फुलांना काय तोटा. लोक जमले होते. आईला दोघीतिघी धरून बसल्या होत्या. बाप निंबाखालच्या ओट्यावर हार ओवत बसला होता, आणि त्याचे हात असे थरथरत होते की दोरा फुलातून जाईना. शेवटी त्याने हार शालिग्रामपुढे टाकला. शालिग्रामने तो बांबूला बांधला. दोनदा वरून, शेपूट पोटाखालून, अंगठ्याने दाब. एका दमात, चपटी, सरळ, एकही पाकळी न चुरता. बापाने वाकून गाठ पाहिली, नखाने उचकून पाहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हात बसला रे तुहा." आयुष्यात बापाने केलेली ती एकच स्तुती. आणि शालिग्रामला आनंद झाला. बहीण समोर निजवलेली, आई ऊर बडवते आहे, आणि आठ वर्षांचे ते पोर मनातल्या मनात टुणटुण उड्या मारते आहे. त्या दिवशी तो रंगूसाठी रडला की नाही हे त्याला आजही नक्की आठवत नाही. आनंद मात्र लख्ख आठवतो, जिभेवर गूळ ठेवल्यासारखा. पुढे शाळेत बक्षिसे मिळाली, छापखान्यात शाबासकी मिळाली, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही. गुलाबरावांनी पेटी आपटली त्या दिवशी बोटे त्याच आनंदाकडे गेली. पॅरिसचे नाव त्याच्यावर झाकण म्हणून घातले. लाज वाटायची ती याची. खोटे तर काय, दुकानदारीत सगळेच बोलतात.

"कोनाच्या घरी चाललं हे?" जानरावांनी विचारले. पेटी त्यांनी जपून खाली ठेवली होती.

"अकोल्याले. वकिलाच्या पोरीचं लगन हाय." एरवी कारंज्यात पुस्तकी बोलणाऱ्या शालिग्रामच्या तोंडात बापापुढे आपोआप घरची बोली येई.

"लगन," जानराव म्हणाले. मग दोऱ्याला लटकणारी कात्री बोटाने हलवून म्हणाले, "अन् हे कायले?"

"गाठ सुटत नाही न, बाबा."

"हो. नाही सुटत थे."

याहून जास्त काही बोलणे व्हायच्या आत गुलाबराव आले. पांढरे धोतर, मनगटावर घड्याळ, तोंडभर हसू. ते आले की खोली लहान वाटू लागे. "काय जानराव, पाह्यली का पोराची करामत? अहो, पॅरिसची गाठ हाय हे! तिकडच्या मडमा अशी बांधतात. तुमचा सारा जलम फुलं बांधण्यात गेला, खरं सांगा, अशी गाठ कधी पाह्यली होती?" शालिग्रामला वाटले की आता जमीन फाटेल तर बरे. जानरावांनी गाठीकडे पाहिले. मग पोराकडे पाहिले, फार वेळ नाही, बाजारात ओळखीचा माणूस दिसल्यावर पाहतात तेवढेच. आणि म्हणाले, "नाही जी. आपल्याइकडं कुठली अशी? हे इलायतीच दिसते." इतक्या सहज म्हणाले की शालिग्रामला क्षणभर तेच खरे वाटले. ज्या गाठीने त्यांनी अर्धे धनज पोचवले, पोटची पोर पोचवली, ती गाठ त्यांनी पोराच्या एका थापेखातर ओळखली नाही. माझे डोळे फुटते तर बरे होते, असे शालिग्रामच्या मनात आले. आणि त्याच्याच पाठोपाठ, निलाजरेपणाने, हायसे वाटले. आधी काय वाटले आणि मग काय, हा क्रम तो पुढे कितीदा तरी तपासणार होता.

गुलाबरावांना नवीच कल्पना सुचली. हिरीबाईच्या हातून गाठ ढिली पडते, एकटा शालिग्राम पाचपर्यंत एकशे चाळीस पेट्या कशा बांधणार? "जानराव, तुमी काहून मोकळे बसून राह्यले? फुलाचा हात हाय तुमचा. शालिग्राम, दाखव त्याईले. दहा मिनिटांत शिकतात." आणि ते गाडीवानाशी हुज्जत घालायला बाहेर गेले. मग त्या दुपारी वाळ्याच्या गारव्यात पोराने बापाला बापाचीच गाठ शिकवली. हिरीबाई समोरच होती, म्हणून खोट्याला सुटी नव्हती. "दोनदा वरून घ्या," शालिग्राम म्हणाला. "दोनदा," जानराव म्हणाले. "आता शेपूट खालून." "असं का?" "तसं नाही, असं." ती खरबडीत, मातीने भेगाळलेली बोटे रेशमावर अडखळत होती, आणि अडखळणे त्यांना जमत नव्हते. दोनदा ती आपल्याच वळणाने पुढे निघाली आणि जानरावांनी त्यांना ओढून मागे आणले. हिरीबाई हसली, "बाबाले जमन, शिकवा पुन्हा." शालिग्रामने पुन्हा बांधून दाखवली. जानराव वाकून पाहत होते. त्यांचा श्वास त्याच्या हातावर लागत होता. आणि हिरीबाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "हात अजून बसेलच हाय तुहा." टोमणा असता तर त्याने सोसला असता. टोमणा नव्हता.

हिरीबाई पाणी आणायला उठली, तिच्यामागे ताटी पडली, आणि खोलीत दोघेच राहिले. जानराव फितीशी खेळत होते. "बाबू, मी नाही बांधत हे लगनाच्या घरी," ते म्हणाले. "थे बी पोरगीच हाय कोनाची तरी. तुहं नाव मी नाही पडू देत, पन हात नाही चालत माहा." शालिग्रामने टेबलावरच्या कात्र्या एका बाजूला सारल्या. "तुहा दोष नाही त्याच्यात. तुले दुसरी कोनी शिकवलीच नाही. बारावं लागलं तवा तू इथं होता, म्या म्हनलं येईन सुटीत तवा शिकवू. मंग राहूनच गेलं." त्यांनी पेटी पुढे ओढली. "चटकन होते. दाखवू का?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? शालिग्रामने आयुष्यात कधी नीट पाहिली नव्हती ती गाठ त्याच्यापुढे, हातभर अंतरावर, बांधली जायची होती. शिकला असता तर एकशे चाळीस पेट्या, निदान ती नवरीची एक तरी, तिच्या हक्काच्या गाठीने गेली असती. वाटेत फीत सुटलीच असती तर त्याचे मग काहीतरी बघता आले असते. गुलाबरावांना सांगता आले असते की साहेब, चुकलो, पॅरिस-बिरिस काही नाही, ही आमच्या घरची, आणि ही दुसरी पाहा, तीही आमच्याच घरची. वाक्य तयार होते. बाहेर गुलाबरावांच्या जोड्यांचा आवाज आला, करकर, करकर, पायरी चढणारा. "आता नको, बाबा," शालिग्राम म्हणाला. "ते आले." आणि जानरावांनी, फळा पुसावा तसा हात फिरवून, फीत सरळ केली.

पुढचा तासभर तिघे कामाला लागले. हिरीबाई कळ्या भरी, शालिग्राम बांधी, जानराव बांधत. शालिग्रामने त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले होते आणि खरोखरच पाहिले नाही. कडेच्या नजरेला फक्त दोन काळे हात हलताना दिसत, आता न अडखळता. गुलाबराव फिरत फिरत त्यांच्यामागे आले, एक पेटी उचलली, कपाळाला आठी घातली. गाठ छानच होती. पण चपटी नव्हती. वर दोन छोट्या पाकळ्या उमलल्यासारखी उभी होती. गुलाबरावांनी एक टोक ओढले आणि सगळी फीत सळकन सुटून त्यांच्या पायांवर पडली. दुसरी पेटी. तीही सुटली. "हे काय जानराव! मूर्तिजापूरपरेंत तरी पोचतीन का ह्या? एवढं पोरानं घसा कोरडा करून शिकवलं अन् तुमी आपलं भलतंच! राहू द्या, राहू द्या. तुमचा हात फावड्यालेच बरा." जानराव हात जोडून उठले. "हो जी. म्हतारपन. ध्यानात नाही राहत आता." हिरीबाईनेसुद्धा मान खाली घातली. शालिग्राम एका पेटीची फीत ओढत होता. ती पुरेशी घट्ट झाली होती, तरी ओढतच होता. त्याने तोंड उघडले. गुलाबराव त्याच्याकडे वळले, "काय?" आणि तो म्हणाला, "कात्र्या कमी पडतील वाटते."

जानरावांनी रिकाम्या पाट्या एकात एक घातल्या, शेला डोक्याला गुंडाळला. दारात थांबून म्हणाले, "येतो बाबू. तुही माय वाट पाहत असन." आणि जाता जाता गुलाबरावांना, अगदी अदबीने, "पोरगं चांगलं हाय जी माहं." बंडीची चाके दगडावरून खडखडत गेली. शालिग्राम दारापर्यंत गेला नाही. काम होते.

जानरावांनी बांधलेल्या एकवीस पेट्या होत्या, त्यांतल्या दोन सुटल्या होत्या. एकोणीस सोडून पुन्हा बांधायच्या होत्या. गुलाबराव घड्याळ पाहत होते. शालिग्रामने पहिली पुढे घेतली. टोक जरासे ओढले की लग्नाची गाठ आपणहून बाजूला होई, नखदेखील लावावे लागत नव्हते. नवरीने नुसत्या बोटाने उघडावे अशीच तर ती केलेली होती. दुसरी. तिसरी. चौथीपासून तो हळू झाला. टोक कोठून आले, कोणाखालून गेले, आधी डावे की उजवे, हे पाहायचे होते. पण सुटायला लागली की ती एकदमच सुटे. मध्ये कुठे थांबतच नसे. शेवटची उरली ती थोरली पेटी, नवरीची. त्याने दोन्ही बाजूंना बोटे घट्ट धरली, श्वास रोखला, आणि टोक तांदळाच्या दाण्याइतके सरकवले. पाकळ्या हलल्या. एक वळसा दिसल्यासारखा झाला. "आटपा न वो, गाडी जाईन," हिरीबाई म्हणाली, आणि त्याचा हात हलला. फीत टेबलावर सरळ पसरली. तिच्यावर साधी वळीसुद्धा राहिली नव्हती. मग त्याने पेटी जवळ ओढली आणि त्याला येत होती ती गाठ घट्ट बांधली.